सी.पी.चा खण

सी.पी. ही दोन अक्षरे माझी होती. अक्षरांवर कुणाची मालकी नसते हे मलाही कळते. पण अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, रसायनशाळेच्या मागच्या खोलीत, एक लाकडी खोके होते आणि त्याच्या तिसऱ्या खणात सी.पी.च्या ज्या चिठ्ठ्या होत्या, त्यांतली पहिली माझ्या नावाची होती. त्या खोक्यापायी मी पुढे जे वागलो ते सांगायला बसलो आहे. त्यात माझे कौतुक करण्यासारखे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझे वडील वकील. घरात भिंतीला लागून कायद्याची जाड पुस्तके होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘सी.पी. अँड बेरार’ असे छापलेले होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाड. तेव्हा आम्ही त्याच राज्यात होतो. वाचायला शिकलो तेव्हापासून सी.पी. म्हणजे आपला प्रांत, एवढेच मला ठाऊक. कॉलेजात पहिल्याच प्रॅक्टिकलला मिठाच्या बाटलीच्या लेबलावर तीच दोन अक्षरे दिसली आणि मी वहीत ऐटीत लिहिले, ‘हे मीठ मध्य प्रांतात तयार झालेले आहे.’ वही तपासणारे डेमॉन्स्ट्रेटर एवढे हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. बाकावरची मुलेही हसली. बाटलीवरचे सी.पी. म्हणजे केमिकली प्युअर, रासायनिक दृष्ट्या शुद्ध, हे मला त्या हसण्यातूनच कळले.

सर हसले नाहीत. ते आमचे रसायनशास्त्राचे मुख्य. दर्यापूरकडच्या शेतकरी घरातले. शिकवायचे इंग्रजीत, रागवायचे आणि माया करायचे वऱ्हाडीत. त्यांनी माझी वही हातात घेतली, वाचली आणि हसणाऱ्यांना म्हणाले, “यानं घरी जे पायलं थेच इथी वाचलं. तुमी काय वाचलं? तुमी तं बाटलीकडे पायलंच नाई.” मग त्यांनी एका जुन्या पेपरची कोरी बाजू फाडून तिचे चार तुकडे केले. एकावर लिहिले: सी.पी. – मध्य प्रांत. खाली दोन रकाने केले, ‘शोधणारा’ आणि ‘पाहणारा’. शोधणाऱ्यात माझे नाव घातले, पाहणाऱ्यात स्वतःचे. संध्याकाळी आमच्या घरी येऊन पुस्तकाची पाठ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि मगच सही केली. वडील त्यांना चहा घ्या म्हणत राहिले, आणि हे उभ्या उभ्या निघूनही गेले.

अशा चिठ्ठ्यांचे ते खोके. ॲसिडच्या बाटल्या ज्या लाकडी खोक्यातून यायच्या, त्यातलेच एक, चोवीस खणांचे. इंग्रजी अक्षरे सव्वीस, म्हणून शेवटची तीन एका खणात दाटीने राहत. शास्त्रात जिथे तिथे ही तोकडी अक्षरे येतात, एकाच जोडीचे दहा अर्थ होतात आणि खेड्यातून आलेले पोर त्यात गोंधळून शिक्षण सोडते, असे सरांचे म्हणणे होते. त्यांना सगळ्या अर्थांची एक यादी मराठीत करायची होती. नियम एकच आणि तो कडक होता. एकाने अर्थ शोधायचा, दुसऱ्याने ती अक्षरे जिथे आहेत तिथे जाऊन पाहायची. “आयकलेलं चालत नाई. डोयानं पायलं का?” हे त्यांचे पालुपद होते. दुसऱ्याची सही न झालेली चिठ्ठी दिवाळीच्या सुट्टीआधी फाडून स्पिरिटचा दिवा पेटवायला जायची.

बी.एस्सी. करून मी त्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर झालो. एम.एस्सी.चे जमले नाही. का जमले नाही ते सोडा, बुद्धी कमी पडली. बरोबरचे मित्र नागपूरला गेले, कुणी वकील झाला, कुणी मामलेदार. माझ्याकडे सरांचे खोके होते आणि त्यात सी.पी.चा गठ्ठा होता. बत्तीच्या डब्यावर तीनशे सी.पी. लिहिलेले होते, म्हणजे कँडल पॉवर, किती मेणबत्त्यांइतका उजेड; ते मी शोधले. तेलाचा घट्टपणा मोजायचे माप सेंटिपॉइज, तेही मी शोधले. वायूचा दाब तोच ठेवून त्याला तापवायला लागणारी उष्णताही याच अक्षरांनी लिहितात, फक्त त्यात पी लहान असतो. तो चालेल का म्हणून मी भीत भीत विचारले. सर म्हणाले, “लहान पी काय परक्याचा हाये? टाक खनात.” परतवाड्याच्या लाकूड डेपोतल्या सागवानाला मुंबईचे व्यापारी ‘सी.पी. टीक’ म्हणतात, हेही मीच शोधले. त्या चिठ्ठीवर सही करायला सरांनी परतवाड्याला यावे अशी माझी फार इच्छा होती. ते म्हणाले, “माहे गुडघे पाहा आन एसटीची पायरी पाहा.” मी आग्रह केला नाही, पण मनाला लागले.

ती सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमारास आली. अकोल्याची. वडील तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. घरचे सगळे नुकतेच बौद्ध झालेले, आणि ती घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. तिच्या पहिल्या वर्षी मी तिच्या बाकाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. हाताने धांदरट होती, मापाच्या काचेच्या नळ्या, दोन ब्युरेट, फोडल्या. मला ती तेव्हा आवडत असे. जे आपल्याहून कमी असतात ते सगळेच मला आवडत.

सरांनी तिला कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि सगळे बिघडले.

तिला दिसायचे. दुसरा शब्द नाही त्याला. मालधक्क्यावरच्या डब्यांवर, डॉक्टरांच्या कपाटातल्या शिश्यांवर, तारघराच्या पाटीवर, जिथे म्हणून दोन अक्षरे एकत्र उभी असतील तिथे हिची नजर पोहोचलेली असायची. एका सहामाहीत तिने माझ्या तीन वर्षांइतक्या चिठ्ठ्या टाकल्या. त्याहून मला सलायचे ते तिचे पाहणे. माझ्या सागवानाच्या चिठ्ठीवर शेवटी सही झाली ती हिची. मावशीकडे परतवाड्याला गेली होती, तिथून डेपोत जाऊन आली. चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘ओंडके सत्तावीस. चारांवर अक्षरे पुसट, बाकीच्यांवर तांबड्या रंगात स्वच्छ. पहारेकऱ्याने दोर बाजूला करून आत सोडले.’ पाहणारा म्हणून मी चिठ्ठीवर नुसती सही ठोकत असे. सरांनी तिची ती पाठ मला दोनदा वाचून दाखवली. मी ‘हो सर, छान’ म्हणालो आणि आतल्या आत जळून कोळसा झालो.

खोटे कशाला बोलू, त्या जळण्यात आणखी एक गोष्ट होती. घरात तीन पिढ्यांची पुस्तके असलेला मी, आणि ही जिनिंगमधल्या कामगाराची मुलगी. तेव्हा मी स्वतःला सुधारक वगैरे समजत असे. पण ती पुढे गेली तशी माझ्या मनात जी वाक्ये आली ती आमच्या ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांची होती, माझी नव्हती. निदान मी तशी समजूत करून घेतली.

पास झाली त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ती अकोल्याला नोकरीला लागली. पिकांच्या पाहणीचे एक लहानसे सरकारी कार्यालय तिथे नवीनच निघाले होते. गावोगावचे कापसाचे, ज्वारीचे, तुरीचे आकडे तिथे यायचे आणि जाड कागदाच्या कार्डांवर भोके पाडून उतरवले जायचे. ती कार्डे मुंबईला जात, तिथे दुसरे यंत्र ती भोके मोजून बेरजा करी. महिन्याभरात तिचे पत्र आले आणि त्यात एक चिठ्ठी: सी.पी. – कार्ड पंच. भोके पाडण्याचे यंत्र. ‘यंत्रांवर पांढऱ्या रंगात सी.पी. १, सी.पी. २ असे लिहिले आहे. मी दोनवर बसते.’

माझ्या खणात. जगात एवढी अक्षरे पडली होती, तिला नेमकी हीच सापडावीत!

“हा रसायनातला शब्द नाही, सर,” मी म्हणालो.

“खोकं रसायनाचं हाये हे तुले कोनं सांगतलं? तुया मध्य प्रांत कोनतं रसायन होय?” सर म्हणाले. “उद्या ह्याच यंत्रायचे दिवस येनार हायेत, पाहून घे. तू पाहनारा. एक दिवस अकोल्याले जाऊन ये.”

मी गेलो नाही. आधी परीक्षा होत्या, मग मेहुणे आले, मग मला सर्दी झाली. सर्दीत माणूस अकोल्याला का जाऊ शकत नाही, हे सरांनी विचारले नाही. खरी गोष्ट एवढीच की तिच्या कार्यालयात जाऊन तिच्या खुर्चीशेजारी उभे राहायचे, ती समजावून सांगणार, मी मान डोलावणार, हे मला सोसणारे नव्हते. ती मला ‘भाऊ’ म्हणे. ‘भाऊ, हे असं दाबाचं,’ असे तिचे शब्द मला अमरावतीत बसल्या जागी ऐकू यायचे.

उन्हाळ्यात मावसभावाचे लग्न अकोल्याला निघाले. दोन दिवस तिथे होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात सगळे लवंडले आणि माझे पाय त्या कार्यालयाकडे वळले. पाहून यावे, सही करून टाकावी, आपणही मोठे मन दाखवावे, असे जाताना मनात होते, हे शपथेवर सांगतो. फाटकापाशी आलो तर आतून खडखड ऐकू आली. जिन्याच्या बाजूची खिडकी उन्हाळ्यामुळे सताड उघडी होती. चार यंत्रे ओळीने. दुसऱ्यावर पांढऱ्या रंगात सी.पी. २. त्याच्यापुढे ती.

ती कागदाकडे पाहत होती आणि हात आपले आपण चालले होते. दोन ब्युरेट फोडणारे तेच हात. एक कार्ड संपले की दुसरे, मध्ये एकदा शेजारणीला काहीतरी बोलली, दोघी हसल्या, हात थांबला नाही. इतक्या सहज एखादे काम मला आयुष्यात जमले नव्हते. पेलाभर पाणी प्यायला लागेल तेवढाच वेळ मी उभा होतो. मग वळलो, मंडपात आलो, संध्याकाळच्या पंगतीत बुंदीचे चार लाडू खाल्ले आणि अमरावतीला परतल्यावर चिठ्ठीवर शाईने लिहिले, ‘पाहिले नाही.’

सरांनी ते वाचले. “तू लग्नाले गेल्ता नं अकोल्याले?”

“वेळच मिळाला नाही, सर. लग्नघर म्हणजे…”

“हाव,” एवढेच ते म्हणाले आणि चिठ्ठी खणात परत ठेवली.

दिवाळी जवळ आली. मी रोज त्या खणाकडे पाही. सुट्टीआधीच्या शनिवारी ती चिठ्ठी फाटणार, आणि माझा गठ्ठा पुन्हा माझा होणार. त्याच आठवड्यात मंगळवारी सर कॉलेजात आले नाहीत. त्यांनी रजा घेतल्याचे मला तोवर आठवत नव्हते. बुधवारी आले ते दोन्ही गुडघ्यांना फडके बांधून, लंगडत, आणि चेहरा असा खुललेला की बाहेर उभ्या शिपायानेही विचारले, सर, नातू झाला काय?

ते अकोल्याला जाऊन आले होते.

खिशातून त्यांनी एक कार्ड काढले आणि उजेडासमोर धरले. सगळ्या वर्गाने भोके पाहिली. “हे बोरगावची तूर,” ते म्हणाले. “आन सांगू काय, तिथी एकटीचं काम खरं मानत नाईत. एक पोरगी भोकं पाडते. मंग दुसरी तोच कागद पाहून दुसऱ्या यंत्रावर तेच पुन्हा बडवते. जुळलं तं कार्डाच्या कडेले खाच पडते. नाई जुळलं तं यंत्र अडते. आपलंच खोकं हाये बाप्पा, लोखंडाचं!” पाहणाऱ्याच्या रकान्यात त्यांची सही झाली. मी लिहिलेले ‘पाहिले नाही’ त्यांनी खोडले नाही. तसेच राहू दिले.

माझ्या सागवानासाठी ज्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती, ते तिच्यासाठी अकोल्याला गेले. कित्येक दिवस माझ्या डोक्यात दुसरे काही नव्हते. मुलांच्या वह्या तपासताना मी उगीच लाल रेघा ओढल्या. बायकोने एकदा विचारले, तुम्हाला पोटाचा त्रास आहे का? हो म्हटले. एका अर्थी खरेच होते.

पुढल्याच्या पुढल्या वर्षी सर निवृत्त झाले. ते मुलाकडे नागपूरला जाणार होते, तिथे दोन खोल्या आणि खोक्याला जागा नाही. यादी अर्ध्यावर होती. ती पुढे कोण नेणार, हे खोके कुणाच्या घरी जाते त्यावर ठरणार होते. सगळ्या कॉलेजला वाटे हा म्हाताऱ्याचा छंद आहे. मला तेवढे एकच हवे होते. ज्या माणसाने माझ्या वेडगळ वाक्याला हसण्याऐवजी चिठ्ठी केली, त्याने शेवटी मलाच निवडावे, तिला नाही. रात्रंदिवस हाच ध्यास.

निरोपाच्या समारंभाला ती अकोल्याहून आली. तिची मुंबईला निवड झाली होती, आता भोके पाडणाऱ्या यंत्रावर नव्हे, खुद्द इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रावर. सगळ्यांनी तिला घेरले. तिने सरांच्या हातात नवी चिठ्ठी ठेवली: सी.पी. – सेंट्रल प्रोसेसर, यंत्राचा तो मुख्य भाग जिथे हिशेब होतो. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, हे तं तुमाले मुंबईलेच येऊन पाहा लागते. या खरंच. मी दाखवतो नं.” तिच्या आवाजात कुठेही खोच नव्हती. असती तर मला बरे वाटले असते.

हार-तुरे झाल्यावर सरांनी मला एकट्याला मागच्या खोलीत बोलावले. खोके टेबलावर काढून ठेवले होते.

“ने घरी. तुयं हाये.”

माझा कानांवर विश्वास बसेना. आनंदाने मला काही सुचेना, आणि सुचले ते हेच: “सर, मला वाटलं होतं तुम्ही तिला द्याल.”

“तिले काहाले पायजे? थे जिथी जाईन तिथी पाहीन.” सर खुर्चीवर टेकले. गुडघे चोळत राहिले. “अकोल्याले तू खिडकीशी आल्ता. तिनं पायलं तुले. मले तिनं खुशीत लिवलं होतं, भाऊ येऊन पाहून गेले, घाईत होते, आता चिठ्ठी होईन. मी वाट पायली. तू लिवलं, पायलं नाई.”

मी खोक्यातल्या चिठ्ठ्या उगीच सारख्या करायला लागलो.

“मंग मी गेलो. लोकायले वाटलं यंत्र पाहाले गेला. यंत्र पायलंच. पन आधी खिडकीशी उभा रायलो, जिन्याच्या बाजूनं, तिनं लिवलं होतं तिथीच. म्हटलं, एखाद्या वेळेस नसन दिसत. तिथून दिसत नसन तं पोरगं खरं बोललं. सगळं दिसते रे तिथून. दोनचा आकडाबी दिसते.”

“मग मला का देता, सर?” मी विचारले. ते मी विचारायला नको होते.

सरांनी माझ्याकडे पाहिले, रागाने नाही. “तुयापाशी दुसरं काय हाये बाप्पा?” ते म्हणाले.

खोके मी सायकलच्या कॅरिअरवर ठेवले आणि सुतळीने बांधायला लागलो, पण गाठ बसेना. ती बडनेरा स्टेशनची बस गाठायला निघाली होती, मला पाहून थांबली, पिशवी खाली ठेवली आणि सुतळीच्या दोन गाठी घट्ट मारून दिल्या. “सांभाळून न्या, भाऊ,” म्हणाली. तिला सगळे ठाऊक होते का, सरांनी तिला सांगितले होते का, हे तिच्या तोंडावर मी शोधत होतो. तिथे फक्त मुंबईची घाई होती. पिशवी उचलून ती रस्त्याने झपाझप चालायला लागली, आणि मी सायकल धरून तिथेच उभा राहिलो. ज्यासाठी मी सहा वर्षे जळलो ते माझ्या कॅरिअरवर बांधलेले होते. तिने ते बांधून दिले होते, आणि ते कुणाला मिळाले म्हणून मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. इतका हेवा मला तिचा आधी कधीच वाटला नव्हता.